ना-नफा सॉफ्टवेअर संस्था कोणत्या देशात नोंदवावी? अर्ज भरण्यापूर्वीचा क्रम

सांगली, मिरज आणि साताऱ्याकडच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे: आम्ही काही जण मिळून एक ओपन सोर्स (म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेले) सॉफ्टवेअर करतो, त्याची संस्था काढायची आहे, तर ती भारतात काढावी, अमेरिकेत की युरोपात? अडचण एवढीच की हा प्रश्न बहुतेक वेळा नोंदणी झाल्यानंतर विचारला जातो. तोवर प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन भिंतीवर लागलेले असते आणि बाहेरून आलेली रक्कम बँकेत अडकलेली असते.

आम्हीही तेच केले. आमचा गट पाच जणांचा, काम वाचनालयांसाठी देवनागरी ग्रंथसूचीच्या सॉफ्टवेअरचे. सांगलीत विश्रामबागेतल्या एका बैठकीत उत्साहाच्या भरात न्यास नोंदवायचे ठरले आणि तो नोंदवलाही. पुढे एका परदेशी प्रतिष्ठानाने छोटे अनुदान मंजूर केले, तेव्हा बँकेने ते आल्या वाटेने परत पाठवले. परकीय देणगी घेण्याची परवानगी आमच्याकडे नव्हती, त्यामुळे बँकेचे काहीच चुकले नव्हते. आम्ही पायऱ्या उलट्या क्रमाने चढलो होतो. म्हणून या लेखात देशांची तुलना चौथ्या टप्प्यावर ठेवली आहे. पहिले तीन टप्पे गाळून थेट तिकडे जाऊ नये.

## टप्पा १: नोंदणीची गरज आहे का, ते ठरवा

संस्था लागते ती मुख्यतः चार कारणांसाठी: सामाईक पैसा ठेवायला, करार करायला, नाव-चिन्ह-डोमेन कोणा एकाच्या मालकीतून काढायला आणि एखाद्या दाव्याची झळ सभासदांच्या घरापर्यंत पोहोचू नये म्हणून. वर्षाचा खर्च डोमेन आणि एका लहान सर्व्हरपुरता असेल, तर त्यासाठी संस्था काढणे म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षणाची फी भरण्यासाठी देणग्या गोळा करणे होय.

मधला मार्ग छत्रसंस्थेचा आहे. आधीपासून नोंदलेली एखादी संस्था तुमच्या प्रकल्पाचे पैसे आणि मालमत्ता आपल्या नावावर सांभाळते व त्याबद्दल ठरावीक टक्केवारी कापून घेते. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पासाठी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नोंदलेली 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' आणि २००६ मध्ये स्थापन झालेली 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' ही या प्रकारातली परिचित नावे आहेत. पैसा प्रामुख्याने परदेशातून येणार असेल आणि रक्कम मोठी नसेल, तर माझ्या मते पहिली दोन-तीन वर्षे हाच मार्ग धरावा.

इशारा: छत्रसंस्थाही बंद पडते. 'ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन' या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये काम थांबवण्याचे जाहीर केले आणि वर्षअखेर ती विसर्जित झाली. तिच्या छत्राखालच्या गटांना सुमारे सात महिन्यांत दुसरे घर शोधावे लागले. करारात बाहेर पडण्याचे कलम, म्हणजे शिल्लक रक्कम आणि डोमेन किती दिवसांत व कोणाकडे सोपवायचे हे, स्पष्ट लिहिलेले नसेल तर सही करू नये.

## टप्पा २: चार रकाने भरा

गणपती पेठेतल्या एका हळदीच्या अडत दुकानाचे मोठे कॅलेंडर दरवर्षी आमच्याकडे येते. दुसऱ्या खेपेला आम्ही त्याच्या कोऱ्या पाठीवर चार रकाने आखले, आणि आजही जो विचारायला येतो त्याला मी आधी तेच करायला लावतो: पैसा कोणाकडून येणार, तो कुठे व कोणावर खर्च होणार, सह्या कोण करणार आणि संस्थेच्या नावावर नेमके काय ठेवायचे.

पहिल्या रकान्यात "परदेशातून" असे मोघम लिहू नये. देणाऱ्याचे नागरिकत्व लिहावे. परकीय देणगी विनियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए, पैसा कोणत्या चलनात आला हे पाहत नाही, तो कोणाचा आहे हे पाहतो. समजा, तासगावचे दोन सख्खे भाऊ न्यू जर्सीत राहतात. धाकट्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय ठरत नाही. थोरल्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले, आणि गणपतीला गावी आल्यावर त्याने रुपयांत चेक दिला, तरी तो परकीय स्रोतच. पावती फाडण्यापूर्वी हे विचारणे अवघड वाटते, कारण समोरचा घरचा माणूस असतो; तरीही विचारावे लागते.

तिसऱ्या रकान्यात फक्त अशीच नावे लिहावीत, जी पुढची पाच वर्षे दरवर्षी कागदपत्रांवर वेळेत सही करतील. वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडून पुण्या-बंगळुरूला गेलेला उत्साही मित्र चांगला प्रोग्रामर असू शकतो. परंतु ओटीपी विचारायला केलेला फोन तो रात्री अकराला उचलत असेल, तर पदाधिकारी म्हणून त्याचा उपयोग नाही.

पडताळणी: पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे अंदाजे वार्षिक रक्कम आणि "देणगी" किंवा "सेवेचे शुल्क" यांपैकी एक शब्द लिहिलेला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये. पुढचा बहुतेक निर्णय या एका शब्दावर फिरतो.

## टप्पा ३: भारताचा पर्याय शेवटपर्यंत तपासा

महाराष्ट्रात तीन रूपे उपलब्ध आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील न्यास धर्मादाय कार्यालयात नोंदवला जातो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालील संस्थेला किमान सात सभासद लागतात आणि आपल्या राज्यात तिला धर्मादाय कार्यालयातही नोंदणी करावी लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी दोन संचालकांवर उभी राहते. त्यांपैकी किमान एकाने आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात वास्तव्य केलेले असावे लागते. सांगली-साताऱ्याच्या कंपन्या पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे येतात, आणि काम ऑनलाइन होत असल्यामुळे फेऱ्या पडत नाहीत.

सॉफ्टवेअरच्या कामासाठी मी कलम ८ कडे झुकतो. न्यासात एक विश्वस्त बदलला तरी ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत जुनीच नावे दप्तरात राहतात; तरुणांच्या गटात माणसे सतत बदलतात, त्यांना हे जड जाते. उलट कंपनीला विसरभोळेपणा महाग पडतो: वार्षिक हिशेबाचा आणि वार्षिक विवरणाचा फॉर्म उशिरा भरल्यास प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत जाते. काहीही काम न झालेल्या वर्षातही हे दोन्ही फॉर्म भरावेच लागतात.

नोंदणी झाली म्हणजे करसवलत मिळाली, असा समज फार पसरलेला आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेच्या उत्पन्नावरील सवलतीसाठी आणि देणगीदाराच्या वजावटीसाठी आयकर खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावे लागतात. त्यांना सर्वजण अजून अनुक्रमे १२ए आणि ८०जी याच नावांनी ओळखतात. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते. आयकर कायदा, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुन्या नमुन्यांवरून अर्ज उतरवून काढू नये.

सॉफ्टवेअर संस्थेची खरी अडचण मात्र "धर्मादाय उद्देश" या व्याख्येत आहे. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य यांत तुमचे काम बसले नाही, तर ते "सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य उद्दिष्ट" या शेवटच्या कप्प्यात जाते. त्या कप्प्यातील संस्थेला व्यापारी स्वरूपाच्या कामातून मिळणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेली, तर त्या वर्षीची सवलत हातची जाते. वाचनालयांकडून बसवणीचे आणि प्रशिक्षणाचे शुल्क घेणाऱ्या गटाने हा हिशेब आधीच मांडावा. शिवाय उत्पन्न भारतातील उद्देशांसाठी खर्च होणे अपेक्षित असते. जगभरच्या वापरकर्त्यांसाठी काम करणाऱ्या प्रकल्पाने आपल्या सीएशी या मुद्द्यावर स्वतंत्र बैठक घ्यावी.

आता एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी घेण्यासाठी लागणारी नोंदणी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. नव्या संस्थेला पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. पण ती परवानगी ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक काम यांपुरतीच असते. महिन्याला पाच-पाच डॉलर देणाऱ्या शंभर अनोळखी वापरकर्त्यांसाठी तिचा काहीच उपयोग नाही.

इशारा: "ओळखीच्या मोठ्या संस्थेकडे एफसीआरए आहे, त्यांच्या खात्यात घेऊ आणि आपल्याकडे वळवू", हा सल्ला अजूनही दिला जातो. परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास २०२० पासून पूर्ण मनाई आहे. असे केल्यास दोन्ही संस्था गोत्यात येतात.

सेवेचे शुल्क परकीय देणगीत मोडत नाही, एवढी वाट मोकळी आहे. परदेशी विद्यापीठाने तुमच्याकडून काम करून घेतले, तुम्ही रीतसर बिल दिले आणि दर व्यवहाराला धरून असला, तर ती देणगी नव्हे. परंतु हीच रक्कम वर सांगितलेल्या २० टक्क्यांत मोजली जाते. एका दारातून सुटलेला माणूस दुसऱ्या दारात अडकतो तो इथे.

पडताळणी: अपेक्षित रकमेचा मोठा भाग भारतीय देणगीदार आणि भारतीय कंपन्यांचा सीएसआर निधी (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा) यांतून येणार असेल, तर निर्णय इथेच झाला: भारतात नोंदवा आणि सहाव्या टप्प्याकडे वळा. सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला १२ए, ८०जी आणि कंपनी मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी लागते, हे लक्षात ठेवावे.

## टप्पा ४: परदेशांची तुलना, पण तुमच्या रकान्यांवरून

एक नियम मनाशी पक्का धरावा: देणगीदाराला वजावट बहुधा त्याच्याच देशातल्या संस्थेला दिल्यावर मिळते. अमेरिकी करदात्याला थेट सांगलीच्या न्यासाला दिलेल्या देणगीवर वजावट नाही. त्यामुळे देश निवडताना करसवलत नेमकी कोणाला हवी आहे, हे दुसऱ्या टप्प्यातल्या पहिल्या रकान्यात पाहावे.

अमेरिकेत राज्यात कंपनी नोंदवणे सोपे, केंद्रीय करखात्याकडून ५०१(सी)(३) हा धर्मादाय संस्थांचा करमुक्त दर्जा मिळवणे अवघड. पूर्ण अर्ज १०२३ क्रमांकाचा, शुल्क ६०० डॉलर. छोटा अर्ज २७५ डॉलरचा, पण पत्रव्यवहाराचा पत्ता परदेशी असेल तर तो छोटा अर्ज भरताच येत नाही. सांगलीतला पत्ता टाकून छोटा अर्ज भरण्याची चूक वारंवार होते. स्थापनेपासून २७ महिन्यांत अर्ज केला तरच दर्जा स्थापनेच्या दिवसापासून लागू होतो. त्यानंतर दरवर्षी विवरण आहेच. ते लागोपाठ तीन वर्षे भरले नाही, तर दर्जा आपोआप रद्द होतो. लिनक्स फाउंडेशन ५०१(सी)(६) या उद्योगसंघटनांच्या वर्गात आहे. तिथे संस्थेला करमाफी असली तरी देणगीदाराला धर्मादाय वजावट मिळत नाही. दोन कंसांतला फरक न पाहता "त्यांच्यासारखीच संस्था काढू" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

जर्मनीत नोंदणीकृत संघ काढायला सात संस्थापक लागतात आणि घटना जर्मन भाषेत असावी लागते. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची संस्था १९९७ पासून याच रूपात आहे. सार्वजनिक हिताचा दर्जा स्थानिक करकार्यालय देते, आणि कायद्यातल्या उद्दिष्टांच्या यादीत ओपन सोर्स असे स्वतंत्र उद्दिष्ट नाही. ते शिक्षण, विज्ञान अशा एखाद्या कलमात बसवावे लागते. दिलेला दर्जा पुढे काढूनही घेतला जातो: मॅस्टोडॉन या मुक्त समाजमाध्यमाच्या जर्मन कंपनीच्या बाबतीत २०२४ मध्ये तसेच घडले. लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या 'द डॉक्युमेंट फाउंडेशन'ने प्रतिष्ठानाचे रूप निवडले आणि त्यासाठी ५०,००० युरोंचे भांडवल २०११ मध्ये वापरकर्त्यांकडून उभे केले. तुमच्या गटात जर्मनीत राहणारे दोन-तीन कायमचे सभासद नसतील, तर या देशाचा विचार सोडून द्यावा.

स्वित्झर्लंडमध्ये संघ स्थापन करणे त्या मानाने फारच हलके आहे, पण खर्च आणि बँक या दोन्ही गोष्टी जड आहेत. तो देश लोक निवडतात ते तटस्थतेसाठी. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेची संघटना २०२० मध्ये अमेरिकेतून तिकडे गेली. हा मुद्दा हवेतला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन नावे निर्बंधांचे कारण देऊन काढण्यात आली. तुमच्या सहकाऱ्यांत निर्बंध असलेल्या देशांतले लोक असतील, तर संस्थेचा देश त्यांच्या सहभागावर परिणाम करतो.

एस्टोनियाचे ई-निवासपत्र (परदेशी माणसाला मिळणारे सरकारी डिजिटल ओळखपत्र) घेऊन दोन जणांना घरबसल्या ना-नफा संघ नोंदवता येतो, म्हणून त्याचे आकर्षण मोठे. ई-निवास म्हणजे व्हिसा नव्हे, करनिवासही नव्हे आणि बँक खात्याची हमी तर नाहीच. नोंदणी ऑनलाइन झाली आणि पैसे ठेवायला जागाच नाही, अशी अवस्था होऊ शकते. फ्रान्समध्ये व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमागची संघटना आणि नेदरलँड्समध्ये ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरचे प्रतिष्ठान ही उदाहरणे चांगली आहेत, परंतु दोन्ही ठिकाणी चालक मंडळी तिथेच राहतात.

## टप्पा ५: सांगलीत बसून परदेशी खात्यावर सही करणार असाल तर

याबद्दल कोणीच सांगत नाही, म्हणून वेगळा टप्पा केला. भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला परदेशी बँक खात्यावर नुसता सहीचा अधिकार असला, त्यातला एक पैसाही तिचा नसला, तरी तिला आयकर विवरणातील परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात त्याची नोंद करावी लागते आणि आयटीआर-१ हा सोपा फॉर्म तिला चालत नाही. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात अशी माहिती न देण्यासाठी १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. शिक्षकाची नोकरी करणाऱ्या आणि विवरण गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडून भरून घेणाऱ्या खजिनदाराला हे आधी सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट निर्णय कुठे होतात याची. कागदोपत्री संस्था परदेशी, पण सगळे ठराव सांगलीतल्या खोलीत होतात, असे असेल तर भारतीय आयकराच्या दृष्टीने ती इथलीच निवासी मानली जाण्याचा धोका असतो.

पडताळणी: परदेशी संस्थेच्या मंडळावर त्या देशात राहणारा, बँकेत जाऊ शकणारा किमान एक माणूस आहे का? "भाचा आहे तिकडे" हे उत्तर पुरेसे नाही. भाच्याला विचारले आहे का, हा प्रश्न आहे.

## टप्पा ६: उद्देशाचे कलम नोंदणीपूर्वी घासून घ्या

देश कोणताही असो, अर्ज बहुतेक वेळा याच कलमावर अडतो. शॉटवेल हे छायाचित्रांचे सॉफ्टवेअर करणाऱ्या योर्बा फाउंडेशनचा अर्ज अमेरिकी करखात्याने सुमारे साडेचार वर्षे ठेवून २०१४ मध्ये फेटाळला. कारणाचा गाभा असा की, सॉफ्टवेअर कोणीही कोणत्याही कामासाठी वापरू शकतो, म्हणजे ते केवळ धर्मादाय कामासाठी नाही.

आमचे पहिले कलम असे होते: "मुक्त सॉफ्टवेअर विकसित करणे व त्याचा प्रसार करणे." हे वाक्य सॉफ्टवेअर कंपनीलाही शोभले असते. नंतरचे असे झाले: "सार्वजनिक वाचनालये, शाळा व दृष्टिबाधित वाचक यांना मराठी ज्ञानसामग्री विनामूल्य व सुलभपणे मिळावी यासाठी ग्रंथसूचीकरणाची साधने मुक्त परवान्याखाली तयार करणे आणि ग्रंथपालांना त्यांचे शिक्षण देणे." फरक कर्त्यात नाही, लाभार्थ्यात आहे. कोणाचे भले होणार हे आधी आले आणि सॉफ्टवेअर साधन म्हणून नंतर आले. अर्थात हे कलम शोभेपुरते लिहू नये. शिक्षण लिहिले तर प्रशिक्षणवर्गांची हजेरीपटे खरोखर असावी लागतात.

त्याच बैठकीत विसर्जनाचे कलमही लिहावे: संस्था बंद झाल्यास शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, समान उद्दिष्टाच्या संस्थेकडे जाईल. हे कलम नसलेली घटना कोणत्याही देशात ना-नफा म्हणून टिकणे कठीण.

## टप्पा ७: बँक, मग नोंदणी, मग मालमत्ता

निवडलेल्या देशातील बँकेला नोंदणीपूर्वी लेखी विचारावे: अशा रूपाच्या संस्थेचे, अशा मंडळाचे, भारतात राहणारे सहीदार असलेले खाते तुम्ही उघडता का? होकार येईपर्यंत नोंदणीचे शुल्क भरू नये. इतर सर्व पायऱ्या दुरुस्त करता येतात. खाते न मिळालेली संस्था मात्र तशीच पडून राहते आणि तिची वार्षिक विवरणे भरावीच लागतात.

नोंदणीनंतर ३० दिवसांत डोमेन, कोडच्या भांडाराचे मुख्य खाते आणि बोधचिन्ह ठराव करून संस्थेच्या नावावर घ्यावे. आमच्या डोमेनचे नूतनीकरण एका सभासदाच्या जुन्या ईमेलवर येत असे आणि तो ईमेल त्याने बंद केला होता. नाव सुटण्यापूर्वी नऊ दिवस हे लक्षात आले, तेही दुसरेच काही शोधताना. कोडचे स्वामित्व सर्वांनी संस्थेला लिहून दिलेच पाहिजे असे नाही, पण परवाना कोणता आणि योगदान कोणत्या अटीवर, हे लेखी असावे.

शेवटी विवरणांच्या तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात, प्रत्येकीपुढे दोन नावे लिहावीत आणि तो कागद खजिनदाराच्या नव्हे, तर ज्याच्या घरी तो रोज दिसेल त्याच्या भिंतीवर लावावा. आमचा त्याच हळदीच्या कॅलेंडरवर आहे, पाठीवर नव्हे, पुढच्या बाजूला.